वैद्यकीय ग्रंथालय पाहायला जाताना

सोलापुरात कला-वाणिज्य महाविद्यालयात काम करणाऱ्या ग्रंथपालाने वैद्यकीय महाविद्यालयाचं ग्रंथालय पाहायला जाण्याआधी वर्गीकरण चाळून घ्यावं. ड्यूई दशांश वर्गीकरणात सगळं वैद्यक ६१० ते ६१९ मध्ये बसतं. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनची पद्धत मात्र अक्षरांवर चालते: क्यूएस म्हणजे शरीररचना, क्यूव्ही औषधशास्त्र, डब्ल्यूजी हृदय व रक्तवाहिन्या.

सर्वांत जास्त वेळ शोधाला द्या. तिथल्या ओपॅकवर, म्हणजे संगणकावरच्या ग्रंथसूचीत, 'हार्ट अटॅक' टाइप करून पाहा. 'मेश' या वैद्यकीय विषयशब्दसूचीतला प्रमाण शब्द 'मायोकार्डियल इन्फार्क्शन'. पबमेड हे वैद्यकीय लेख शोधायचं संकेतस्थळ ही जुळणी आपोआप करतं. ओपॅकमध्ये रूढ शब्दावरून प्रमाण शब्दाकडे नेणाऱ्या 'पाहा' नोंदी केलेल्या नसतील, तर पुस्तक कपाटात असूनही विद्यार्थी रिकाम्या हाताने परततो. माझ्या मते हा दोष सर्वांत गंभीर, आणि तो आपल्याही ओपॅकमध्ये असू शकतो.

जुन्या आवृत्त्या कुठे ठेवतात, हे विचारा. औषधांच्या मात्रा बदलतात, म्हणून जुन्या आवृत्त्या चालू आवृत्तीशेजारी नकोतच.

ऑनलाइन जर्नल्स फक्त कॉलेजच्या आयपीवर, म्हणजे तिथल्याच नेटवर्कवर, उघडतात की घरूनही, एवढं कळलं तरी पुरे.

आणि कूलर! आपल्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, वाचनकक्षात कूलर लागतोच. पण त्याचा ओला झोत कपाटांवर येत असेल, तर आर्द्रता वाढते. ती ६५ टक्क्यांवर टिकली की बांधणीच्या खळीवर बुरशी धरते. भिंतीकडच्या खालच्या कप्प्यातलं एखादं पुस्तक काढून कण्याचा वास घ्या.