बाथरूमची बंद खिडकी

जानेवारीत सिंहगड रोडवरच्या एका जुन्या सोसायटीतून फोन आला, गॅस गीझरचं पाणी पूर्वीसारखं तापत नाही. प्लंबिंगच्या कामात मला बावीस वर्षं झाली. अशा तक्रारीत बहुतेक वेळा सेल उतरलेले निघतात, नाहीतर इनलेटची जाळी क्षारानं भरलेली असते. बोअरचं पाणी असलं तर आतला डायफ्राम, म्हणजे रबरी पडदाही कडक होतो. अर्ध्या तासाचं काम.

सेल नवे घातले, जाळी धुतली, तरी पाणी कोमटच. मग कव्हर उघडलं. तांब्याच्या कॉइलवरच्या पातळ पत्र्यांमधल्या फटी काजळीनं बुजल्या होत्या. बोट फिरवलं तर कढईच्या बुडाला लागावं तसं काळं झालं. नळ सोडला, बर्नर पेटला. ज्योत निळी, आखूड आणि ताठ असायला हवी. ही पिवळी होती, लांब, आणि नुसती लवलवत होती. हवा कमी पडून गॅस पुरता जळला नाही की असं होतं. काजळी धरते, आणि सोबत कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसमध्ये मुद्दाम घाण वास मिसळलेला असतो, म्हणून गळती कळते. लोक त्या वासावर विसंबतात, पण जळलेल्या गॅसच्या धुराला तो वास राहत नाही.

नळ बंद करून वर बघितलं. डक्टकडच्या, म्हणजे इमारतीतल्या पाइपांच्या उभ्या पोकळीकडच्या, खिडकीच्या काचपट्ट्या काढून तिथं अखंड अ‍ॅक्रिलिक शीट बसवलं होतं, चारही बाजूंनी सिलिकॉन भरून. कबुतरांसाठी. एक्झॉस्ट फॅन नाही. झुरळं येतात म्हणून दाराच्या खाली रबरी पट्टी. चार बाय सहाची खोली डब्यासारखी बंद.

दारात घरच्या आजी उभ्या होत्या. मी विचारलं, "इथं आंघोळ करताना कुणाला गरगरतं का?"

"सून परवा रविवारी इथंच पडली," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाले अशक्तपणा आहे. सलाईन लावलं."

आठवड्यातून एकदा ती डोक्यावरून न्हायची, तेव्हा गीझर वीस-पंचवीस मिनिटं चालू राहायचा. काजळीमुळे पाणी तापत नव्हतं, म्हणून अलीकडे आणखी वेळ लागत होता. थंडी सुरू झाल्यापासून तिचं सकाळी डोकं दुखायचं. डिसेंबरात माहेरी आठ दिवस राहिली, तेव्हा एकदाही दुखलं नाही. घरात त्याचा अर्थ निघाला, सुनेला सासर सोसत नाही. आजी हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हत्या.

मी रेग्युलेटर बंद केला आणि गीझरचे सेल काढून खिशात घातले. मुलगा म्हणाला, "अहो, सहा वर्षं वापरतोय, काही झालं नाही. रविवारी ऑक्सिमीटर लावला होता, अठ्ठ्याण्णव दाखवत होता." मी म्हटलं, साहेब, माझ्यावर रागवा, पण वहिनींना आज दवाखान्यात न्या आणि गीझरचं सांगा.

तिथल्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो, आणि बोटावरच्या साध्या ऑक्सिमीटरला तो ऑक्सिजनच वाटतो. मात्र मोकळ्या हवेत आल्यावर काही तासांत रक्तातून उतरत जातो, त्यामुळे दोन दिवसांनी तपासणीत काही सापडणार नाही. म्हणजे कागदावर काहीच नाही. माझ्याकडे पुरावा एकच, काळं झालेलं बोट.

दुसऱ्या दिवशी गीझर ड्राय बाल्कनीत हलवला, ग्रिलच्या उघड्या बाजूला. भिंतीतून सीपीव्हीसी या प्लास्टिक पाइपची गरम पाण्याची लाईन बाथरूममध्ये घेतली. कॉइल आणि बर्नर ब्रशनं साफ केले. गॅसची केशरी नळी तपासली, तर तिच्यावर २०१८ छापलेलं. पाच वर्षांनी ती बदलायची असते, हे घरात कुणाला माहीत नव्हतं. नवी लावली, प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावून बघितलं. काडी ओढून गळती शोधणारे कारागीर मी पाहिलेत, त्यांना मी माझ्यासोबत कामाला घेत नाही. मूळ गीझर बसवणारा पंधरा मिनिटांत चार भोकं पाडून गेला असणार. हवा खेळती ठेवा असं त्या गीझरच्या पोटाशी इंग्रजीत छापलेलं होतं. ते वाचून दाखवणं त्याचं काम होतं. बिल्डरही बाथरूमच्या खिडक्या डक्टमध्ये उघडतात, आणि कबुतरांचं काय करायचं ते राहणाऱ्यांवर सोडतात.

शेवटी शीट कापून काढलं आणि जाळी ताणून बांधली. महिन्याभरानं पैसे घ्यायला गेलो, तेव्हा वहिनींनीच चहा आणला. डोकं दुखायचं थांबलंय म्हणाल्या. गीझरमुळेच दुखत होतं का, हे त्यांनी मला विचारलं. हो असं मला वाटतं, एवढंच मी सांगू शकलो.

निघताना आजी जिन्यापर्यंत आल्या. "तुम्ही मागं मे महिन्यात आला होतात ना, बाथरूमचा गरम-थंड पाण्याचा मिक्सर नळ बदलायला? तेव्हाही ते शीट होतंच की."

होतं. मी पाऊण तास त्याच खोलीत होतो, गीझर डोक्याशी होता. काम फक्त मिक्सरचं होतं.

"होतं, आजी," मी म्हटलं.