दाजी गवा जमला, चंद्री म्हैस अडून बसलीय

मंडळी, मुलांच्या ॲपमधला गवा एकदाचा उभा राहिला. नाव दाजी, कारण मुक्काम दाजीपूर. 1958 पासूनचं गव्यांचं अभयारण्य. जोडीला कोल्हापूरच्या गंगावेशीतली चंद्री म्हैस. दोघांनी मिळून चार-पाच वर्षांच्या पोरांना एक ते दहा शिकवायचे, असा बेत. कोडिंग मित्राकडं, चित्रं माझ्याकडं.

घोळ असा की दोघंही काळे, दोघंही शिंगाडे. त्यात कोल्हापूरचं पोरगं दूधकट्ट्यावर धार काढताना बघत वाढलेलं, त्याच्यापुढं कसलीतरी म्हैस खपत नाही. म्हणून डोळे-तोंड काहीच न काढता नुसत्या काळ्या आकृत्या भरल्या आणि अंगठ्याच्या नखाएवढ्या करून पाहिल्या. शिंगांनी निकाल लावला. दाजीची बाजूला जाऊन वर वळतात, टोकं आत. चंद्री पंढरपुरी जातीची, तिची पार खांद्यामागं जातात. गव्याचे पायातले पांढरे मोजे सगळ्यांना आधी आठवतात, पण ते रंगाचं काम. काळ्या आकृतीत त्यांचा उपयोग शून्य.

खरी झटापट वशिंडाशी झाली. लहान मुलांना भावणारा चेहरा म्हणजे मोठं डोकं, रुंद कपाळ, खाली बसवलेले डोळे. प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या कोनराड लॉरेन्झनं हे 1943 मध्येच मांडून ठेवलंय. पण गव्याचं डोकं मोठं केलं की खांद्यापासून पाठीच्या मध्यापर्यंत जाणारा उंचवटा मागं दडतो आणि उरतो तो गुबगुबीत रेडा. शेवटी डोकं मोठंच ठेवलं, फक्त मान खाली आणली, चरताना कोणी हाक मारल्यावर बघावं तशी. वशिंड डोक्याच्या वर दिसायला लागलं आणि स्वभावही आला: थोडा लाजरा, थोडा हट्टी. नादखुळा!

एक गोष्ट मात्र मी ठरवून टाळलीय. दाजीला कुणी पोरगं हात लावतंय किंवा पाठीवर बसलंय, असं एकही दृश्य नाही. आपल्याकडं गवे उसाच्या फडात उतरतात, कधी शहराच्या कडेलाही येतात. तो झाडीतूनच आकडा सांगणार. मित्राला हे जरा जास्त वाटतं, वाटू दे.

तोंडाच्या आकारांत अनपेक्षित सूट मिळाली. मोठ्यानं एक ते दहा म्हणून बघा: ओठ पूर्ण मिटतात ते फक्त ‘पाच’ला. त्यामुळं मिटलेलं, ‘आ’चं, ‘ई-ए’चं आणि ‘ओ-ऊ’चं अशा चार तोंडांत सगळं भागतं. इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये चारही वेगळ्या लेयरवर आहेत, नाकपुड्या मात्र एकाच जागी खिळवल्यात. त्या हलल्या की दाजी बोलतोय असं न वाटता शिंकतोय असं वाटतं.

आता चंद्री. चाल बसली: मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा. पण मला तिला दिवाळीच्या पाडव्याला पळवायचीय, शिंगं रंगवून, मोरपिसं लावून, फटफटीच्या मागं. पळताना ती लांब शिंगं मानेच्या प्रत्येक हिसक्याला पाठीत घुसतात. शिंगं आखूड केली तर पंढरपुरी कसली? सध्या मान पुढं ताणून बघतोय. चार पायांचं जनावर पळवलेल्या कुणाकडं याचा तोडगा असेल तर सांगा.