सातवा प्रश्न : माझा मौन साधनेचा अनुभव

फॉर्मवरचा सातवा प्रश्न आठवला की अजून डोकं फिरतं. ‘या साधनेतून तुम्हाला काय हवे आहे?’ आणि खाली तीन रेघा. बाकीचा फॉर्म (पॅरिश म्हणजे आपलं चर्च कुठलं ते, औषधं, पथ्य, फादरांची सही) दहा मिनिटांत झाला होता. इथे मी ‘मनःशांती व देवाशी जवळीक’ असं लिहून मोकळी झाले. पुढे पाच दिवस त्या तीन रेघांनी छळलं.

आठ दिवसांची मौन साधना, सोळाव्या शतकातल्या संत इग्नेशियसने घालून दिलेल्या पद्धतीची. दिवसातून चार वेळा एकेक तास प्रार्थना, एक मिस्सा (चर्चमधली सामुदायिक उपासना), मार्गदर्शक सिस्टरांशी अर्धा तास बोलणं. बस. मौनाची सगळ्यांना धास्ती असते, मला काही वाटलं नाही. वीस वर्षं बँकेच्या काउंटरवर बसलेल्या बाईला ‘आठ दिवस बोलू नका’ म्हणजे सुट्टीच.

घोडं अडलं ते त्या अर्ध्या तासात. या पद्धतीत प्रार्थनेला बसल्यावर सुरुवातीलाच ‘मला जे हवं आहे ते’ देवाकडे मागायचं असतं. पहिल्या दिवशी सिस्टरांनी माझा फॉर्म समोर ठेवला आणि म्हणाल्या, “हे फॉर्मसाठी झालं. तुला हवंय काय?” मी म्हटलं, देव. त्या हसल्या. “उद्या ये.”

दुसऱ्या दिवशी मी तयारीने गेले. रविवारी पोरांना कॅटेकिझम, म्हणजे चर्चच्या शिकवणीचं पुस्तक, शिकवते, त्यातला २७वा परिच्छेद मला पाठ आहे : देवाची ओढ माणसाच्या हृदयात कोरलेली आहे, कारण देवानेच त्याला स्वतःसाठी निर्माण केलं. सिस्टरांनी ऐकून घेतलं. “पुस्तकाला काय हवंय ते कळलं. तुला?” तिसऱ्या दिवशी मुलाची नोकरी सांगितली, चौथ्या दिवशी आईचं आजारपण. दोन्ही खरंच हवं होतं, पण बोलताना माझा आवाज काउंटरवरचा होता, हे मलाही कळत होतं. बरं, जिन्यात जुन्या काळच्या संत ऑगस्टीनचं वाक्य रंगवलेलं, ‘तुझ्यात विसावेपर्यंत आमचं हृदय अस्वस्थ असतं’. रोज आठ वेळा त्याच्यासमोरून जायचं! मनात म्हणायचे, तुला बोलायला काय जातंय. ‘मला पावित्र्य दे, पण इतक्यात नको’ असं मागून झाल्यावर कुठे ३८७ साली, ३२व्या वर्षी याचा बाप्तिस्मा.

त्या रात्री बॅग भरली होती. भरून ठेवली, गेले नाही, कारण साधनेचा एक नियम सिस्टरांनी आधीच सांगून ठेवला होता : मन कोरडं पडलेलं असताना आधीचा निर्णय बदलायचा नाही. तास संपत नसेल तर उलट पाच मिनिटं जास्त बसायचं. (हा नियम जाण्याआधी वाचून ठेवा. मला तिथे ऐकून रागच आला होता.)

पाचव्या दिवशी दुपारी मागच्या बाजूला पाण्याची टाकी भरून वाहायला लागली. पाणी पन्हळीतून केळींच्या आळ्यात पडत होतं. मी तिथेच पायरीवर बसले आणि रडू फुटलं. आमच्या वसईच्या वाडीत बावखल होतं, गोड्या पाण्याचं तळं. त्यातलं पाणी पाटाने केळींना जायचं, त्याच्या आवाजाने मी पहाटे उठायचे. भावांनी भरणी टाकून ते बुजवलं, वर इमारत आली. हक्कसोड पत्रावर माझीही सही आहे.

सिस्टरांना मान खाली घालून सांगितलं, मला ते बावखल हवंय. लाज वाटत होती. देवाला शोधायला आले आणि मागतेय काय, तर विकलेली जमीन! मला वाटलं, आता आसक्तीवर ऐकावं लागणार. त्यांनी बायबलातला योहानाचा चौथा अध्याय काढून दिला, विहिरीवर येशूला भेटलेली शोमरोनी बाई. “तीही पाण्यालाच आली होती. रोजच्या, घागरीतल्या. घागर टाकून गावात पळाली ते नंतर. आधी मागितलंय तिने. तूही माग.”

आणि इग्नेशियस तरी काय? १५२१ साली पाम्प्लोनाला तोफगोळ्याने पाय मोडला, अंथरुणात पडून हा गडी एका थोर घराण्यातल्या स्त्रीची स्वप्नं रंगवत होता. कुठलं स्वप्न सरल्यावर मन कोरडं पडतं आणि कुठल्याने भरलेलं राहतं, एवढं तो बघत गेला. त्यातून ही सगळी साधना निघाली.

मग मी मागितलं. तासभर, न लाजता. बावखल परत येणार नाही हे देवालाही ठाऊक होतं. पण त्या पाण्याशी बसल्यावर लहानपणी मी कुणाशी तरी बोलायचे, ते मी चाळीस वर्षांत विसरूनच गेले होते. बोलणं तिथूनच पुढे सुरू झालं.

उरलेले तीन दिवस कसे गेले कळलं नाही. सांगण्यासारखंही काही नाही. चादर घरची न्या, तिथल्या टोचतात. फोन जमा करताना घरच्यांना ऑफिसचा नंबर देऊन ठेवा. आणि सिस्टरांसमोर वही घेऊन बसू नका, वही असली की आपण सुविचार बोलायला लागतो.

माझी मैत्रीण पुढच्या महिन्यात तिथेच जाणार आहे. तिला म्हटलं, सातवा प्रश्न सरळ रिकामा सोड. तिने सोडला. फॉर्म परत आला.