तुम्ही विचारलंत म्हणून: ‘आमच्या विषयात क्वांटाइल रिग्रेशन चालेल का?’

हा प्रश्न माझ्याकडे बहुधा मार्च-एप्रिलमध्ये येतो, म्हणजे प्रबंध सादर करायची तारीख डोक्यावर आली की. विचारणारे निरनिराळे. कुणी देवनारला लोकसंख्याशास्त्र करतंय, कुणी बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुलातल्या) नोकरीत रिस्कचे रिपोर्ट काढता काढता पीएचडी रेटतंय, कुणी बोरिवलीच्या नॅशनल पार्कातले ओढे पालथे घालतंय. वाक्य मात्र ठरलेलं: “मॅडम, हल्ली सगळ्या पेपरांत क्वांटाइल रिग्रेशन असतं. आमच्या विषयात चालेल का?” मी संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे हे फोन कुणीतरी माझ्याकडे वळवतं. दर वेळी तेच बोलून घसा बसतो, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

चालतं. पण विषय कुठला ते नंतर सांगा. तुमचा प्रश्न मधल्यांचा आहे की टोकाच्यांचा, ते आधी सांगा.

रिग्रेशन म्हणजे एक गोष्ट बदलली की दुसरी किती बदलते ते मोजायची रीत. नेहमीचं रिग्रेशन सरासरीचा हिशेब देतं: शिक्षण एका वर्षाने वाढलं तर पगाराची सरासरी किती सरकते, वगैरे. क्वांटाइल रिग्रेशनमध्ये विचारायचं ते असं, की ज्या पातळीच्या खाली १० टक्के लोक आहेत ती पातळी किती सरकते, ५० टक्क्यांची म्हणजे मध्यकाची किती सरकते, ९० टक्क्यांची किती. या पातळ्या म्हणजेच क्वांटाइल. सगळ्या पातळ्या एकाच मापाने सरकल्या तर सरासरीने सांगितलं तेवढंच खरं. नाही सरकल्या, तर सरासरीच्या पोटात बरंच काही दडलेलं आहे.

मुंबईत राहणाऱ्याला हे पटायला वेळ लागू नये. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७३ च्या आसपास. या दोन आकड्यांची सरासरी काढून कुणाच्या घरातलं पाणी ओसरणार होतं? शहराच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या तासाला २५ मिलिमीटरच्या हिशेबाने बांधलेल्या, पुढे ब्रिमस्टोवॅड या पर्जन्यवाहिन्या सुधारायच्या योजनेत तो आकडा ५० धरला गेला. नाल्याचा इंजिनिअर सरासरी पावसाकडे बघतच नाही, बघून त्याला चालणारही नाही. २००६ मध्ये बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी मध्य भारतातल्या १९५१ ते २००० या काळातल्या पावसाचा हिशेब मांडला. मोसमी पावसाच्या सरासरीत म्हणावा असा फरक नाही, पण दिवसाला १०० मिलिमीटरच्या वर कोसळणारे पाऊस वाढलेले आणि मध्यम सरी घटलेल्या. त्यांनी मर्यादा आखून घटना मोजल्या होत्या, क्वांटाइल रिग्रेशन केलं नव्हतं. प्रश्नाची जात मात्र हीच. दोनच वर्षांनी एल्सनर, कॉसिन आणि जॅगर यांनी जगभरातल्या चक्रीवादळांच्या वाऱ्याच्या वेगांना क्वांटाइल रिग्रेशन लावलं, तेव्हा सर्वांत जोरदार वादळं वर्षागणिक आणखी जोरदार होताना दिसली. मधल्या वादळांत तसं काही ठळक दिसलं नाही.

हे गणित आतून चालतं कसं, ते सांगायला मला होळीच्या पुरणपोळ्या बऱ्या पडतात. समजा, दादरला घरगुती पोळीभाजी केंद्र आहे आणि किती पोळ्या लाटायच्या ते आदल्या रात्री ठरवायचंय. एक पोळी कमी पडली तर २० रुपयांचा नफा हुकतो. एक उरली तर ती दुसऱ्या दिवशी पडत्या भावात काढावी लागते आणि ५ रुपयांची खोट बसते. आता ‘सरासरी मागणीइतक्या लाटा’ असं त्या काकूंना कुणी सांगून बघावं! त्या थोड्या जास्तच लाटणार, आणि त्यांचं बरोबर आहे. २० भागिले २५ म्हणजे ०.८. पाचातल्या चार होळ्यांना पुरतील इतक्या पोळ्या हे उत्तर. कमी पडण्याला २० आणि उरण्याला ५ असा विषम दंड लावला, की एकूण दंड कमीत कमी ठेवणारा आकडा ८० टक्क्यांच्या पातळीवर जाऊन बसतो. दोन्हींना सारखाच दंड लावला तर मध्यक मिळतो. क्वांटाइल रिग्रेशनमध्ये एवढीच युक्ती आहे. ती पातळी आणखी कशाकशावर हलते, म्हणजे होळी रविवारी आली का, दहावीची परीक्षा चालू आहे का, हेही त्यात घालता येतं. विजेच्या मागणीचे अंदाज बांधणारे हाच दंड वापरतात. २०१४ च्या जागतिक ऊर्जा-अंदाज स्पर्धेत गुणही त्यानेच दिले गेले.

कल्पना जुनी आहे. अठराव्या शतकात बॉस्कोविचने पृथ्वीचा आकार काढताना चुकांचे वर्ग न घेता त्यांची निव्वळ अंतरं धरली होती. नेहमीचं रिग्रेशन ज्यावर उभं आहे ती लजांद्रची वर्गांची रीत १८०५ ची, म्हणजे नंतरची. पण ती हाताने सोडवायला सोपी, म्हणून तिचं राज्य आलं. टोकाच्या पातळ्यांसाठी पूर्ण पद्धत रॉजर कोन्कर आणि गिल्बर्ट बॅसेट यांनी १९७८ मध्ये ‘इकॉनोमेट्रिका’ या नियतकालिकात मांडली.

देवनारच्या मुलीला मी जन्मवजनाचं उदाहरण देते, कारण तिथे प्रश्न उघडच टोकाचा असतो. २,५०० ग्रॅमच्या खालचं बाळ कमी वजनाचं धरतात, आणि काळजी त्या बाळांची असते, साडेतीन किलोच्या गुटगुटीत बाळांची नसते. कोन्कर आणि हॅलॉक यांनी २००१ मध्ये अमेरिकेतल्या जून १९९७ मधल्या जवळपास दोन लाख जन्मांवर हे करून दाखवलं. मुलगे मुलींपेक्षा सरासरी १०० ग्रॅमने जड. पण तळाच्या पातळ्यांवर हा फरक बराच कमी, आणि वरच्या टोकाला १०० च्या चांगलाच वर. कृष्णवर्णीय आणि श्वेतवर्णीय मातांच्या बाळांतला फरक उलट वागतो. ५ टक्क्यांच्या पातळीवर तो पाव किलोच्याही पुढे, जवळजवळ एक तृतीयांश किलोवर जातो. म्हणजे जिथे बाळ आधीच नाजूक, तिथेच दरी सर्वांत रुंद. सरासरीचा एकच आकडा घेऊन बसलं असतं तर हे कळलंच नसतं.

आता निम्मे प्रबंध जिथे घसरतात तिकडे येते. पगाराच्या रिग्रेशनमध्ये १० टक्क्यांच्या पातळीचा गुणांक (ती पातळी किती सरकते तो आकडा) आला, की विद्यार्थी बेधडक लिहितात, ‘गरिबांवर अमुक परिणाम’. गरीब कुठून आले? शिक्षण, वय, अनुभव ही सगळी चलं आत घातल्यावर ती पातळी आपापल्या जोडीदारांतली असते. डॉक्टरांमध्ये कमी कमावणारा डॉक्टर खालच्या टोकाला येतो, भले त्याचा ब्लॉक शिवाजी पार्कला असो. वॉचमनांमध्ये बरा पगार असलेला वॉचमन वरच्या टोकाला जातो. एकूण समाजाच्या उतरंडीतल्या तळाबद्दल बोलायचं असेल तर फिर्पो, फोर्टिन आणि लमियू यांची २००९ ची वेगळी रीत आहे, ती वाचा. दुसरी खोड याहून वाईट. आधी पगारानुसार लोकांचे चार गठ्ठे करायचे, प्रत्येकावर साधं रिग्रेशन चालवायचं आणि त्याला क्वांटाइल रिग्रेशन म्हणायचं. उत्तर बघून माणसं निवडली की तो हिशेब आधीच बिघडला. क्वांटाइल रिग्रेशनमध्ये प्रत्येक पातळीसाठी सगळीच माणसं वापरली जातात, फक्त दंड बदलतो.

नीट वाचलं तर मात्र पगाराच्या विषयात याने फार मोलाचं दाखवून दिलंय. स्वीडनवरच्या २००३ च्या अभ्यासात स्त्री-पुरुष पगारातली तफावत वर जावं तशी वाढत गेली. बायकांना वरच्या पगारांपाशी अडवणारं काचेचं छत म्हणतात ते. भारतातल्या नियमित पगारी नोकऱ्यांच्या अभ्यासांत नेमकं उलटं, तफावत तळाशी जास्त. दोन्ही देशांचं धोरण एकाच सरासरीवरून आखायला बसलं तर दोन्हीकडे फसेल.

बीकेसीवाल्यांना फारसं समजवावं लागत नाही, त्यांचा धंदाच टोकांचा. वाईटात वाईट १ टक्का दिवसांत गुंतवणुकीतलं किती बुडेल, हा प्रश्न मुळातच क्वांटाइलचा. एंगल आणि मँगानेली यांनी २००४ मध्ये त्यासाठी थेट तसं मॉडेल दिलं. नाणेनिधीने उचललेलं ‘ग्रोथ अॅट रिस्क’ही याच घराण्यातलं. पतपुरवठा आवळला की विकासदराचं खालचं टोक कोसळतं, वरचं फारसं हलत नाही.

ओढेवाल्याचं प्रकरण मला सगळ्यांत आवडतं. माशांची संख्या आणि ओढ्याची रुंदी-खोली यांचा आलेख काढला की ठिपक्यांचा त्रिकोण दिसतो. काही ठिकाणी परिस्थिती चांगली असूनही मासे कमी, कारण पाणी गरम, अन्न कमी किंवा आपण न मोजलेलं काहीतरी. सरासरीची रेघ मधून कुठूनतरी निघून जाते आणि काहीच सांगत नाही. वरची कड मात्र बोलते: बाकी सगळं जुळून आलं तरी इथे याहून जास्त मासे मावणार नाहीत. केड आणि नून यांनी २००३ मध्ये परिसरशास्त्रज्ञांसाठी हे सोपं करून लिहिलंय, ते मी त्याला पाठवलं.

माझा नकार एकाच बाबतीत ठाम असतो. १२० प्रश्नावल्या भरून घेतल्यात आणि ९५ टक्क्यांची पातळी हवी आहे. त्या पातळीच्या वर माणसं किती? सहा. सहा जणांच्या भरवशावर रेघ ओढू नका, आणि तिच्या आकड्यांपुढे ‘निष्कर्ष भक्कम’ असं सुचवणारे तारे तर मुळीच छापू नका.

शेवटी सगळे विचारतात, “मग कितवी पातळी घेऊ?” ते मला विचारू नका. २,५०० ग्रॅम तुमच्या माहितीत कितव्या टक्क्याला पडतात ते बघा, नाला किती वर्षांतून एकदा तुंबलेला चालेल ते वॉर्डातल्या इंजिनिअरला विचारा. तसा काही आधार नसेल तर ०.१ पासून ०.९ पर्यंत सगळ्या पातळ्यांचे गुणांक एका आलेखात काढा; ‘आर’ या संगणकप्रणालीतल्या ‘क्वांटरेग’ पॅकेजला त्याला काही क्षण लागतात. आलेखातली रेघ आडवी निघाली, सरासरीच्या रेघेला चिकटून राहिली, तर तुमचं साध्या रिग्रेशनवर भागतं, ते प्रकरण प्रबंधातून काढून टाका. हे ऐकून चेहरे पडतात. गाइडनी म्हणे आधीच शीर्षकात क्वांटाइल घालून ठेवलेलं असतं.