त्रिपुरी पौर्णिमा, १९४२ : पणजोबांच्या जहाजाचा शोध, तिसरी नोंद

मागच्या नोंदीत मी लिहिले होते की पणजोबा अटलांटिक महासागरातल्या एखाद्या ताफ्यातील जहाजावर खलाशी असावेत. ते अनुमान चुकीचे ठरले आहे. ते कसे चुकले हे आधी सांगतो, कारण आपल्यापैकी अनेकजण घरातल्या अशाच एखाद्या वस्तूवर भिस्त ठेवून शोध घेत आहेत.

पणजोबांचे पदक आमच्याकडे उरलेले नाही. उरली आहे ती त्याची बोटभर लांबीची फीत, पत्र्याच्या डबीत घडी घालून ठेवलेली. तिच्यावरचे तीन पट्टे निळा, पांढरट आणि हिरवट असे दिसत होते, आणि अटलांटिक तारका या ब्रिटिश युद्धपदकाची फीत निळी, पांढरी व समुद्री हिरवी असल्यामुळे मी निर्धास्त झालो. यंदा फेब्रुवारीत ती घडी भिंगाखाली हलक्या हाताने उलगडली, तेव्हा उजेड न पोहोचलेल्या आतल्या भागात मधला पट्टा चक्क तांबडा निघाला आणि कडेचा फिकट निळा. ही १९३९-४५ तारकेची फीत आहे : गडद निळा रंग आरमार व व्यापारी नौदलाचा, तांबडा भूदलाचा आणि फिकट निळा हवाई दलाचा. ही तारका कोणत्याही एका महासागराशी बांधलेली नसल्याने फितीवरून समुद्र ओळखण्याचा मार्ग तिथेच संपला.

मग मी आजीच्या सांगण्याकडे परत वळलो. सासऱ्यांची बोट त्रिपुरी पौर्णिमेच्या रात्री बुडाली आणि चार दिवसांनी त्यांना मुंबईला आणून उतरवले, असे ती नेहमी सांगत असे. तिथी हा तपशील मी आजवर कथेचा अलंकार समजत होतो. वास्तविक आपल्याकडच्या बायका तारीख विसरतील, पण तिथी विसरणार नाहीत, हे मला आधीच सुचायला हवे होते. अटलांटिकमध्ये बुडालेल्या जहाजावरचा माणूस चार दिवसांत मुंबईला पोहोचणे शक्य नाही, म्हणून युद्धकाळातील प्रत्येक कार्तिकी पौर्णिमेची तारीख काढून ती अरबी समुद्र व हिंदी महासागरात बुडालेल्या जहाजांच्या तारखांशी ताडून पाहिली. १९४२ साली ही पौर्णिमा २२ नोव्हेंबरला होती, आणि त्याच रात्री, म्हणजे २३ तारखेच्या पहाटेपूर्वी, 'तिलावा' बुडाली.

'तिलावा' ही ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची, १९२४ साली बांधलेली, दहा हजार टनांची आगबोट. २० नोव्हेंबरला ती मुंबईहून मोंबासाच्या दिशेने निघाली. पुढे तिला डर्बनपर्यंत जायचे होते. तिच्यावर ७३२ उतारू, २२२ कर्मचारी आणि चार तोफची होते. जपानच्या आय-२९ या पाणबुडीने तिच्यावर पाणतीर डागले आणि २८० माणसे गेली. वाचलेल्यांना 'बर्मिंगहॅम' या ब्रिटिश युद्धनौकेने उचलून २७ तारखेस मुंबईस आणले. २३ ते २७ : आजीचे चार दिवस बरोबर जुळतात. हे वाचले तेव्हा मला थोडा वेळ काहीच सुचले नाही.

या जहाजाविषयी शोधू लागल्यास आधी चांदीचीच माहिती समोर येते. तिच्यावरच्या चांदीच्या २,३६४ लगडी २०१७ साली समुद्रतळातून काढण्यात आल्या आणि त्यांचा वाद ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन २०२४ मध्ये निकाली निघाला. आपल्याला त्याचा उपयोग एवढाच की जहाजाचा माल आणि मार्ग न्यायालयीन कागदांत नेमकेपणाने मिळतो.

तिथी जुळली म्हणजे माणूस सापडला असे मात्र नव्हे. पणजोबांच्या नळीची, म्हणजे खलाशाच्या नोकरीच्या दाखल्याची, जहाजांचे शिक्के असलेली पाने वाळवीने खाल्ली आहेत. एकच पान शिल्लक आहे. त्यावर अंगठ्याचा ठसा, 'डाव्या भुवईवर व्रण' अशी ओळखीची खूण, त्यांचे व वडिलांचे नाव आणि 'जिल्हा रत्नागिरी' एवढेच आहे, आडनाव नाही. त्या काळच्या कारकुनांनी बहुतेक कोकणी खलाशांची नावे अशीच, कानाला वाटेल त्या स्पेलिंगने लिहिली, त्यामुळे नावावरून शोध घेऊ नये, जहाजावरून घ्यावा, हे माझे मत आता पक्के झाले आहे. शिवाय १९८१ पर्यंत सिंधुदुर्ग हा रत्नागिरीचाच भाग होता, हेही जिल्ह्याचे नाव वाचताना लक्षात ठेवावे.

दुसरी उपयोगी वाट सारंगाची, म्हणजे खलाशांच्या मुकादमाची आहे. सारंग आपली माणसे बहुधा आपल्याच गावातून आणि नात्यातून भरत असे, म्हणून एका खलाशाचे गाव कळले की शेजारची नावेही त्याच खाडीकाठची निघतात. आजीच्या सांगण्यात पणजोबांबरोबर गेलेला आणि न परतलेला गावचा एक जोडीदार आहे. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत मृत्यूची तारीख आणि जहाज या दोन खुणा लावून पाहिले, तर त्याचे व त्याच्या वडिलांचे नाव असलेली नोंद मिळाली. दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या सहा हजारांहून अधिक भारतीय व्यापारी खलाशांचे स्मारक मुंबईत मशीद बंदरजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे आणि तीच नावे चितगावच्या नोंदवहीतही आहेत. जोडीदाराचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण त्यांच्या घरच्यांशी अजून बोलणे झालेले नाही.

सध्या लंडनजवळच्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागाराकडे दोन मागण्या नोंदवल्या आहेत. पहिली बीटी ३८१ या मालिकेतील कर्मचारी यादीची. तेथील पेट्या जहाजाच्या अधिकृत क्रमांकानुसार लावलेल्या असल्याने तो क्रमांक आधी लॉइड्सच्या जहाजांच्या नोंदवहीतून काढून ठेवावा. दुसरी 'बर्मिंगहॅम'च्या नोव्हेंबर १९४२ च्या रोजनिशीची, जी एडीएम ५३ या मालिकेत असते. कर्मचारी यादीत नावापुढे अंगठा असेल, तर तो नळीवरच्या ठशाशी ताडून पाहता येईल, म्हणून त्या पानाची मोठ्या आकारातील प्रत मागितली आहे. दरम्यान वैशाखात गावी जाणार आहे, तेव्हा त्या जोडीदाराच्या घरी आयोगाच्या यादीतली नोंद छापून नेईन.