दोन ओळीत न मावलेली अट

मी सात वर्षं सबटायटल लिहितेय, सिरियल, सिनेमे, रेसिपीचे शो, जे येईल ते. मागच्या वर्षी अमेरिकेतला वर्णभेद आणि तिथले तुरुंग यावरची एक डॉक्युमेंटरी मराठी करायला आली आणि तिच्यातल्या एकाच वाक्यात माझा अख्खा दिवस गेला.

वाक्य त्यांच्या घटनेतलं, 1865 ची तेरावी दुरुस्ती. स्क्रीनवर जेमतेम साडेचार सेकंद. आम्हाला दोन ओळी मिळतात, ओळीला 42 अक्षरं, त्यापुढे गेलं की सॉफ्टवेअर लाल होतं. मी टाइप केलं, "अमेरिकेत गुलामगिरी किंवा वेठबिगारी राहणार नाही". छान बसलं. मधे एक तुकडा होता, रीतसर दोषी ठरलेल्याची शिक्षा सोडून, तो मी उडवला. कायद्याच्या भाषेत असलं काही ना काही असतंच, अर्थ तर पोचतोय, असं म्हणून पुढे गेले. गुलामगिरी लिहिताना जोतीराव आठवलेच, 1873 चं त्यांचं त्याच नावाचं पुस्तक, गुलामांना मुक्त केलं म्हणून अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलेलं. शाळेपासून माझ्या डोक्यात तेच होतं, की तिकडे ते प्रकरण तेव्हाच संपलं.

मग पुढचा भाग आला. दक्षिणेतल्या राज्यांनी नवे कायदे केले, काम नाही, नुसता फिरतोय, एवढ्यावर काळ्या माणसाला अटक, दंड भरायला पैसे नाहीत म्हणून कैद, आणि मग राज्य सरकारच त्या कैद्यांना खाणीवर, रेल्वेच्या कामावर, शेतमळ्यांवर भाड्याने देणार. भाडं सरकारला, कैद्याला काहीच नाही. आणि हे सगळं घटनेत बसत होतं, कारण तो तुकडा. मी उडवलेला तोच!! मी हेडफोन काढून ठेवला आणि दहा मिनिटं नुसती बसून राहिले.

दुपारी कलीफ ब्राउडरचा भाग आला. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधला 16 वर्षांचा पोरगा, 2010 साली बॅग चोरल्याच्या आरोपावरून धरला, जामीन 3000 डॉलर, घरच्यांकडे तेवढे नव्हते. रायकर्स तुरुंगात तीन वर्षं, त्यातली जवळजवळ दोन एकट्याच्या कोठडीत, आणि खटला उभाच राहिला नाही. गुन्हा कबूल कर, घरी जा, असं सांगूनही तो नाही म्हणत राहिला, कारण चोरी केली नव्हती. शेवटी आरोप मागे घेतले. 2015 ला त्याने घरी आत्महत्या केली, 22 वर्षांचा होता. त्याच्यासाठी मी सगळीकडे "कैदी" लिहिलं होतं. ते खोडून प्रत्येक ठिकाणी "कच्चा कैदी" केलं, कारण दोष सिद्धच झाला नव्हता, आणि आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे तर तो का वापरू नये.

मग परत पहिल्या वाक्यावर. मराठीत अट आपसूक आधी येते, "रीतसर दोषी ठरलेल्याची शिक्षा सोडली, तर…" आणि मग गुलामगिरी, वेठबिगारी. किती दाबलं तरी दोन ओळीत मावेना. शेवटी वाक्य तोडून दोन सबटायटल केली, पुढच्या शॉटमधले दीड सेकंद घेतले, तिथे नुसतं म्युझिक होतं. क्यूसीचा, म्हणजे आमचं काम तपासणाऱ्यांचा, मेल आला, वाचायचा स्पीड जास्त होतोय, पहिला भाग काढला तर चालेल का. मी वर लिहिलेलं सगळं त्यांना फोनवर सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, आणि रात्री साडेअकराला फाइल पाठवताना त्या ओळीसमोर रिमार्कमधे लिहिलं, कृपया हे कापू नका.