तुम्ही विचारलंत म्हणून: मोठ्या नावाचं कॉलेज का सोडलं?

मिरजेला फोन लावला की मावशी हटकून विचारते, "ते मोठं कॉलेज सोडलंस का गं?" माझ्या बी.एस्सी. नर्सिंगच्या बॅचमधल्या मैत्रिणी विचारतात. इथे अमेरिकेत, ओहायोत, माझ्याबरोबर नाइट करणाऱ्या केरळच्या सिस्टरनं तर दोनदा विचारलं. फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे पेशंट तपासून औषधंही लिहून देणारी नर्स, त्याच्या मास्टर्ससाठी मला दोन ठिकाणी प्रवेश मिळाला होता. एक नामांकित खासगी विद्यापीठ, दुसरं चाळीस मिनिटांवरचं सरकारी. मी सरकारी घेतलं. आता एकदाच सविस्तर सांगते.

फीसाठी किती मदत मिळेल ते सांगणारं खासगी विद्यापीठाचं पत्र आलं तेव्हा मी ते बाबांना फोनवर वाचून दाखवलं. वर्षाची फी 58,000 डॉलर आणि खाली ठळक अक्षरांत 'एकूण मदत 35,500 डॉलर'. बाबा एसटीत कंडक्टर होते. रोज रात्री डेपोत तिकिटांचा आणि रोकडीचा मेळ घातल्याशिवाय घरी येता यायचं नाही, ती सवय अजून गेलेली नाही. त्यांनी एकच विचारलं, "यातले परत किती द्यायचे?"

मी परत वाचलं. 15,000 शिष्यवृत्ती होती. उरलेले 20,500 सरकारी कर्ज होतं, आणि त्यालाही 'मदत' म्हटलेलं होतं. हे कर्ज बिनव्याजी काळ वगैरे काही देत नाही, पैसे उचलले त्या दिवसापासून व्याज सुरू. 2025-26 साठी दर 7.94 टक्के. आणि ही सगळी 'मदत' वजा करूनही 22,500 डॉलर उरत होते, फक्त फीचे. घरभाडं वेगळं.

पूर्वी ही फट ग्रॅड प्लस नावाच्या कर्जानं भरायची. 2006 पासून ते होतं आणि शिक्षणाचा पूर्ण खर्च भागेपर्यंत मिळायचं. 4 जुलै 2025 ला सही झालेल्या कायद्यानं 1 जुलै 2026 पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी ते बंद केलं. आता साध्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला वर्षाला 20,500 आणि एकूण एक लाख डॉलर ही मर्यादा. 'व्यावसायिक' पदवीला मात्र वर्षाला 50,000 आणि एकूण दोन लाख. मग नर्सिंग कशात? नोव्हेंबर 2025 मध्ये शिक्षण खात्याच्या समितीच्या मसुद्यातली व्यावसायिक पदव्यांची यादी मी वाचली. डॉक्टर आहेत, वकील आहेत, जनावरांचे डॉक्टर आहेत, धर्मशास्त्रवालेसुद्धा आहेत. नर्स नाही. रात्री तीनला एखाद्याचं प्रेशर पडायला लागलं की हे शास्त्री येणार आहेत का, असं मी त्या केरळच्या सिस्टरला म्हटलं, आणि आम्ही दोघी जरा जास्तच हसलो.

मसुदा बदलेल, संघटना भांडतायत, थांब, असं पुष्कळ जणी म्हणाल्या. पण सीट पक्की करायची तारीख कुणासाठी थांबत नव्हती. मी विद्यापीठाला ईमेल करून विचारलं की दुसऱ्या वर्षी शिष्यवृत्ती नक्की मिळेल का. उत्तर आलं, निधी उपलब्ध असल्यास. म्हणजे नाही मिळाली तर दुसऱ्या वर्षी 37,500 कमी पडणार, तेही अर्धा कोर्स झाल्यावर.

त्या आठवड्यात एका नाइटला पेशंट शांत होते. हँडओव्हरच्या कागदाच्या पाठीवर मी दोन रकाने आखले. खासगी म्हणजे फुल-टाइम, दोन वर्षं. पगार बंद, आणि पगाराबरोबर हॉस्पिटलचा आरोग्य विमाही. सरकारी म्हणजे पार्ट-टाइम, तीन वर्षं, वर्षाला साधारण 12,000. नोकरी चालू असल्यामुळे हॉस्पिटल 5,250 देणार. कंपनीनं शिक्षणासाठी दिलेल्या तेवढ्या रकमेवर इथे करही नाही. उरले 6,750, म्हणजे महिन्याला 560 च्या आसपास. दोन जादा नाइट. नव्या कायद्यात पार्ट-टाइमवाल्यांची कर्जमर्यादा त्या प्रमाणात कमी होते, पण मला कर्जच नको होतं, त्यामुळे ते कलम माझ्यापुरतं बिनविषारी ठरलं.

हॉस्पिटलच्या पैशांना अट आहे: कोर्स संपल्यावर दोन वर्षं तिथेच काम. बॉण्ड म्हणजे काय हे आपल्याकडच्या नर्सला समजावून सांगावं लागत नाही. माझी मूळ प्रमाणपत्रं बॉण्डपायी एका ठिकाणी दीड वर्ष लोखंडी कपाटात अडकली होती. त्यामुळे या वेळी सही करण्याआधी चारही पानं वाचली. मधेच सोडलं तर घेतलेले पैसे परत करायचे, एवढंच आहे. कागदपत्रं माझ्याकडेच.

काही गमावलं का? हो. 2022 च्या राष्ट्रीय निकषांप्रमाणे नर्स प्रॅक्टिशनरला किमान 750 तास थेट रुग्णसेवेत काढायला लागतात, तेही प्रिसेप्टरच्या, म्हणजे प्रत्यक्ष कामात शिकवणाऱ्या अनुभवी व्यक्तीच्या, हाताखाली. त्या मोठ्या विद्यापीठाची स्वतःची हॉस्पिटलं आहेत, प्रिसेप्टर तेच लावून देतात. माझ्या विद्यापीठात निम्मे तास माझे मलाच जमवायचे आहेत. आतापासून ओळखीच्या क्लिनिकांत फोन करते आहे. अकरा फोन झाले, एक जण 'बघू' म्हणाला. ही धास्ती खरी आहे, ती मी लपवत नाही.

एफ-वन, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर येणार असाल तर यातलं सरकारी कर्ज तुम्हाला नाहीच. माझं ग्रीन कार्ड झालंय म्हणून मला कर्जाचा फॉर्म तरी भरता आला. तुमचं गणित माझ्यापेक्षा कडक असेल, त्यामुळे माझं बघून ठरवू नका. पत्र आलं की बाबांचा प्रश्न मात्र विचारा.

एक राहिलं. मदतीचं पत्र यायच्या आधीच खासगी विद्यापीठानं जागा राखायला 500 डॉलर मागितले होते, आणि हातचं जाईल या भीतीनं मी ते भरले. ते परत मिळत नाहीत. बाबांना मी रकाने दाखवले, बेरीज दाखवली, त्यांनी फोनवर "बरोबर" म्हटलं. या पाचशेचं अजून सांगितलेलं नाही.